थेरेमिनची पेटी करू नका

थिबा राजवाड्याच्या आवारातल्या संगीत महोत्सवात रत्नागिरीकर ज्या मींडेला मान डोलावतात, ती पेटीवर निघत नाही. याही कारणाने आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला दार बंद केले. ते १९७१ मध्ये किलकिले झाले. थेरेमिनवर मात्र मींडच मींड! रशियन संशोधक लिऑन थेरेमिन यांनी १९२०च्या सुमारास बनवलेले हे वाद्य स्पर्शाविना वाजते. शरीर विजेचे वाहक असल्याने हात उभ्या अँटेनाजवळ गेला की विद्युतधारिता बदलते, स्वर चढतो. दुसरा हात आवाज लहानमोठा करतो. पडदा नाही, पट्टी नाही. भरवसा फक्त कानाचा आणि सांध्या-स्नायूंच्या जाणिवेचा. हातांच्या त्रासामुळे व्हायोलिन सोडावे लागलेल्या क्लारा रॉकमोर यांनी यावरच नाव कमावले.

मूग कंपनीच्या २०१४ मधल्या ‘थेरेमिनी’त चुकलेला स्वर आपोआप जागेवर आणायची सोय आहे. नवशिक्याला ही कुबडी ठीक. (हाड जुळल्यावरही कुबडी न सोडणारे रुग्ण सगळ्याच डॉक्टरांच्या ओळखीचे!) पण ती पूर्ण चालू ठेवली की दोन स्वरांमधल्या जागा गळतात. मेंदू हात सावरायला शिकतो तो कानाला खटकलेल्या चुकीवरून. चूक ऐकूच आली नाही तर तो काय शिकणार? ही सोय कमी-जास्त करता येते. हात जरा बसला की ती रोज थोडी कमी करत बंद करावी.