मंत्र कीं गोळी?

लाल विंचवाच्या विषानें रक्तवाहिन्या आकुंचन पावून हृदय थकतें. त्यावर प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी गुणकारी आहे, हें आमच्याच रायगड जिल्ह्यांत महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं दाखविलें. तिला प्रतिविषाची जोड दिल्यास रोगी अधिक लवकर सावरतो, हें त्यांच्या २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगानें सिद्ध केलें. विंचूदंश झालेल्यास औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणें हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वयें गुन्हा आहे. परंतु कायद्यानें विष उतरत नाहीं! कर्जत-खालापुरांतील एखाद्या डोंगरवाडीस दवाखाना दूर आणि मांत्रिक दारीं असेल, तर दोष एकट्या मांत्रिकाचा कसा? प्रत्येक उपकेंद्रांत गोळी व ती देण्यास शिकलेला माणूस सरकारनें ठेवावा. मगच कायद्याचा बडगा त्याच्या हातीं शोभेल, असें आमचें स्पष्ट मत आहे.