पाटीमागची भिंत

महाविद्यालयात समारंभ म्हटला की तयारीची यादी ठरलेली असते. पाहुणे, हार, नारळ, ध्वनिक्षेपक आणि संगमरवरी पाटी! पाटीवर कोणाचे नाव आधी आणि कोणाचे नंतर, यावर तासन्‌तास खल चालतो. 'शुभहस्ते' की 'करकमलांनी', यावरही मतभेद होतात. परंतु एवढी जड पाटी भिंतीवर कशाच्या आधाराने राहणार, हा प्रश्न कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

माझे वडील सांगलीत गवंडीकाम करतात. मी साताऱ्यास शिकतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या जिन्याजवळची पाटी रात्री खाली आली. दिवसा त्याच जागी आम्ही मुले डबे खायला बसतो. सकाळी तुकडे गोळा झाले, शिपाईकाकांना बोलणी बसली आणि आठवड्याभरात नवी पाटी आली. तीही पहिलीसारखीच, सिमेंटच्या चार गोळ्यांवर चिकटवलेली! म्हणून हा लेखनप्रपंच.

मित्रहो, थोडा हिशेब करू. तीन फूट लांब, दोन फूट उंच आणि एक इंच जाड अशा संगमरवरी पाटीचे वजन सुमारे 38 किलो भरते. भिंतीवरचा गिलावा असतो अर्धा-पाऊण इंच. पाटी गिलाव्याला चिकटवली की सारा भार त्या पापुद्र्यावर येतो. ओल मुरून गिलाव्याने वीट सोडली, की पाटीही त्याच्याबरोबर खाली येते. वडील म्हणतात, "पाटी गिलाव्याला नाही, भिंतीला लावायची." म्हणजे स्क्रू गिलावा ओलांडून वीट किंवा दगडात खोल गेला पाहिजे. पाटीचे वजन खालून पेलायला भिंतीत पक्का रोवलेला आधार हवा. वरच्या स्क्रूंनी फक्त ती पुढे कलू द्यायची नाही. स्क्रू पितळेचे किंवा न गंजणाऱ्या पोलादाचे असावेत. लोखंड गंजले की फुगते आणि दगडाचा कोपराच फोडते.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. साताऱ्याजवळच्या लिंब गावातली बारा मोटेची विहीर 1719 ते 1724 या काळात बांधली गेली. तिथला शिलालेख बांधकामाचाच भाग आहे. मागाहून लटकवलेला नसल्यामुळे तीनशे वर्षांनीही तो आपल्या जागी आहे.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांना तर निष्काळजीपणा परवडणाराच नाही. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने सातारा जिल्हा हादरला. कोयनेच्या परिसरात अजूनही अधूनमधून धक्के बसतात. धक्का बसला की सैल लटकवलेली वस्तू डोक्यावर येण्याचे भय आधी. सांगलीत 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी 57 फुटांवर गेले. पूर ओसरला तरी भिंतीतली ओल लगेच जात नाही. ती आतून गिलावा पोखरते आणि लोखंड खाते.

कोणी म्हणेल, एका पाटीसाठी एवढा ऊहापोह कशाला? घाटकोपरला 13 मे 2024 रोजी वादळात जाहिरातीचा अवाढव्य फलक कोसळला आणि 17 माणसे गेली. पाटी आणि तो फलक यांत आकाराचा फरक मोठा आहे, पण वृत्ती एकच. पुढच्या अक्षरांकडे सगळे बघतात, मागच्या आधाराकडे कोणी बघत नाही. दुकानांच्या पाट्यांवर मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नसावीत, असा नियम 2022 मध्ये झाला, आणि मराठीचा विद्यार्थी म्हणून मला त्याचा आनंदच आहे. त्यावर चर्चाही पुष्कळ झाली. पण ती पाटी रस्त्यावरच्या माणसाच्या डोक्यावर पडू नये, यावर कितीशी चर्चा आपण केली?

पाटीवर गवंड्याचे नाव नसते, याचे मला दुःख नाही. पण पाटी पडली की पहिले नाव त्याचे किंवा शिपायाचे निघते, हे मात्र खटकते. पाटी कुठे आणि कशी लावायची, हे ठरवताना त्याला कोणी विचारलेले नसते. समारंभ उद्यावर आल्यावर त्याला निरोप जातो, "सकाळपर्यंत लावून टाक." ओले सिमेंट एका रात्रीत काय धरणार?

माझी एक साधी सूचना आहे. खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. त्या दिवशी जाणत्या गवंड्याला बोलावून आवारातली प्रत्येक पाटी बोटाच्या पेराने वाजवून घ्यावी. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आला तर पाटी त्याच दिवशी उतरवावी, मग तिच्यावर कितीही मोठे नाव असो. नवी पाटी लावायची असेल तर गवंड्याला निदान आठवडाभर आधी बोलवावे.

जिन्याजवळची नवी पाटी मी परवा वाजवून पाहिली. आवाज पोकळ आला. आम्ही डबे खायला आता पलीकडच्या ओट्यावर बसतो. परंतु जूनमध्ये येणाऱ्या नव्या मुलांना ते कोण सांगणार?