राखलेला किनारा

शायशायच्या किनाऱ्यावर मुक्काम करायचा तर तंबूच्याही आधी डबा मिळवावा लागतो. काळा, जाड प्लास्टिकचा, झाकणाच्या खिट्ट्या नाण्यानं फिरवून उघडायचा. शिधा तर त्यात जातोच, पण टूथपेस्ट, साबण, ओठांचं मलम, वास येणारी प्रत्येक वस्तू त्यातच कोंबायची. त्याला म्हणतात अस्वलाचा डबा, पण या किनाऱ्यावर त्याची जास्त गरज पडते ती रॅकूनमुळे. रात्री झाडीतून उतरणारा हा प्राणी पुढच्या पंजांची बोटं फार सफाईनं चालवतो. एकदा का त्याला सॅकमधलं खाणं सापडलं, की तो रोज रात्री तंबूंपाशी येऊ लागतो. मग पुढच्या पाहुण्यांची झोप जाते आणि त्याचीही शिकारीची सवय मोडते. म्हणून ओलिंपिक राष्ट्रीय उद्यानाच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या प्रत्येकाला असा डबा सक्तीचा आहे.

शायशाय हा अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याच्या वायव्य टोकाजवळचा एक किनारा. सिएटल परिसरात राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींपैकी डोंगर-दऱ्यांची ओढ असलेले बरेच जण कधी ना कधी तिथं एक रात्र काढून येतात. फेरीबोट आणि मोटारीनं चार-साडेचार तास गेलं की निया बे हे मकाह या मूळनिवासी लोकांचं गाव लागतं. गावातल्या दुकानातून मकाह जमातीचा परवाना घ्यायचा आणि गाडीच्या काचेत ठेवायचा. गाडी रात्रभर ठेवायची तर वाटेच्या अलीकडे राहणाऱ्या कुणाच्या तरी अंगणात, रोख पैसे देऊन. मुक्कामाचा परवाना मात्र राष्ट्रीय उद्यानाकडून वेगळा काढायचा, कारण वाट सुरू होते मकाहांच्या जमिनीवर आणि संपते उद्यानाच्या हद्दीत. यजमान दोन, म्हणून परवाने दोन.

वाट सव्वातीन किलोमीटरची. आधी फळ्यांचे पूल आणि देवदारांची गर्द सावली, पुढे चिखल. हा चिखल उन्हाळ्यातही वाळत नाही. घोट्यापर्यंत पाय रुतवत, मुळांवरून तोल सांभाळत जायचं आणि शेवटी समुद्राचा आवाज कानी आला की कड्यावरून उभा उतार. तिथं दोर बांधलेले आहेत. पाठीवर ओझं घेऊन, दोराला धरून, उलट्या पावली उतरायचं. पुण्याहून आलेली माझी भाची अर्ध्या उतारावर थांबून म्हणाली, "मावशी, हे मुद्दाम एवढं अवघड ठेवलंय का?"

प्रश्न अगदी नेमका होता. हो, मुद्दाम. खाली पसरलेला तो किनारा आपोआप तसा राहिलेला नाही, तो राखलेला आहे.

१९५०च्या दशकात या किनाऱ्याच्या कडेनं मोटाररस्ता न्यायचा बेत जोर धरत होता. पॉली डायर यांच्यासारख्या निसर्गरक्षक कार्यकर्त्यांनी त्याला विरोध केला. १९५८च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस सत्तरेक माणसांना घेऊन शायशायच्या दक्षिणेला, केप अलावापासून रिआल्टोपर्यंत चालत गेले. तीन दिवस, बावीस मैल, वाळू आणि गोट्यांवरून. रस्ता झाल्यावर काय जाईल, ते लोकांना चालूनच दाखवायचं होतं. तो रस्ता झाला नाही. शायशाय तेव्हा उद्यानात नव्हता. १९७६मध्ये तो उद्यानाला जोडला गेला आणि सत्तरच्या दशकात लोकांनी तिथं बांधलेल्या झोपड्या हटवल्या गेल्या. १९८८मध्ये उद्यानाच्या सुमारे पंचाण्णव टक्के भागाला कायद्यानं वन्य प्रदेशाचं संरक्षण मिळालं. म्हणजे रस्ता नाही, इंजिन नाही, हॉटेल नाही. आज आपण तिथं निवांत झोपतो, ते त्या काळी काही माणसांनी आपला वेळ आणि पायपीट खर्ची घातली म्हणून.

आणि त्यांच्याही आधी तिथं मकाह होते. हजारो वर्षं त्यांनी देवमासा, सील आणि मासळीवर इथं संसार केले. १८५५च्या निया बे करारात त्यांनी बरीच जमीन सोडली, पण देवमाशाच्या शिकारीचा हक्क लेखी राखून ठेवला. त्यांचं ओझेट हे गाव शायशायच्या दक्षिणेला. तीनशे ते पाचशे वर्षांपूर्वी कडा खचला आणि तिथली घरं माणसांच्या सगळ्या चीजवस्तूंसकट चिखलाखाली गेली. ओल्या चिखलात हवा पोचली नाही, म्हणून लाकूड आणि टोपल्याही कुजल्या नाहीत. १९७०च्या हिवाळ्यात वादळी लाटांनी किनारा कोरला आणि त्या वस्तू बाहेर दिसू लागल्या. जमातीचे प्रमुख एड क्लॅपलानहू यांनी पुरातत्त्वज्ञ रिचर्ड डोर्टी यांना बोलावून घेतलं आणि पुढं अकरा वर्षं उत्खनन चाललं. पंचावन्न हजारांहून जास्त वस्तू निघाल्या. त्या दूरच्या शहरात न जाता निया बेमध्येच, १९७९मध्ये उघडलेल्या मकाहांच्या स्वतःच्या संग्रहालयात आहेत.

तिथं एक वस्तू आहे, तिच्यापुढून माझा पाय निघत नाही. देवदाराच्या लाकडात कोरलेला देवमाशाच्या पाठीचा पर, त्यावर समुद्री पाणमांजरांचे सातशेहून जास्त दात एकेक करून बसवलेले. फरच्या व्यापारात ही पाणमांजरं वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावरून पार संपली होती. १९६९ आणि १९७०मध्ये अलास्कातल्या अमचिटका बेटावरून एकोणसाठ जनावरं आणून सोडली, त्यांचाच वंश आज इथं वाढतो आहे. नशीब असेल तर किनाऱ्यावरून दुर्बिणीत दिसतात, समुद्री शेवाळाच्या पट्ट्यात उताणी तरंगताना. जे गेलं ते परत आणायलाही माणसंच लागली.

किनाऱ्यावर उतरल्यावर दक्षिणेकडे तीनेक किलोमीटर चाललं की पॉइंट ऑफ द आर्चेस. पाण्यातून वर आलेले तीसहून जास्त सुळके, काहींना लाटांनी आरपार कमानी पाडलेल्या. ओहोटीला त्यांच्या पायथ्याशी जाता येतं. खडकांच्या डबक्यांत जांभळे आणि नारिंगी तारामासे, हिरवी समुद्रफुलं. पाणी प्यायचं ते पेट्रोलियम क्रीक या ओढ्याचं, कोऱ्या चहासारखं तपकिरी. हा रंग जंगलातल्या पाल्यापाचोळ्याचा, गाळून जात नाही. पण गाळल्याशिवाय किंवा उकळल्याशिवाय ते पिऊ नये.

सगळ्यात महत्त्वाचं भरतीचं वेळापत्रक. आपल्यासारखीच इथंही दिवसाला दोनदा भरती येते, पण दोन्ही भरत्यांच्या उंचीत बराच फरक पडतो. दुपारची भरती कुठवर आली ते पाहून तंबू लावला आणि रात्रीची भरती त्याहून चढली, तर पाणी तंबूत येतं. वाळूवर पडलेले प्रचंड ओंडके स्थिर वाटतात, पण मोठी लाट त्यांना सहज उचलते आणि ते माणसाचा जीव घेतात. म्हणून तंबू ओंडक्यांच्या वरच्या अंगाला आणि हातात छापील वेळापत्रक. फोनला तिथं रेंज मिळेल, हा भरवसा धरू नये.

उन्हाळ्यातल्या शनिवारी शायशायला तंबूंची रांग लागते. गर्दी झाली म्हणून मी हळहळत नाही. इतक्या माणसांना चिखल तुडवून समुद्राजवळ झोपावंसं वाटतं, हे मला चांगलंच वाटतं. पण गर्दी असते तेव्हाच नियमांना किंमत येते. शेकोटी पेटवायची ती वाळूवर, वाहून आलेल्या लाकडाची, उभ्या झाडाची फांदी तोडायची नाही. शौचकूप ठरलेल्या ठिकाणी आहे, तेच वापरायचं. आणलेलं प्रत्येक वेष्टन, संत्र्याची सालसुद्धा, पाठीवरून परत न्यायचं. त्याखेरीज समुद्र स्वतः प्लास्टिकचे तरांडे, दोर, बाटल्या आणून टाकतो, ते स्वयंसेवक येऊन उचलून नेतात. एकानं जागा घाण केली की दुसऱ्या दिवशीचा माणूसही तिथंच टाकतो, आणि एकानं उचललं की दुसराही वाकतो. दोन्ही मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

कोकणात आता समुद्रकाठच्या तंबूमुक्कामांची हौस वाढते आहे, ती वाढावीच. आपल्याकडेही वाट दाखवणारं गाव आहे. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२पासून कासवांची घरटी राखायला घेतली. कासवं बघायला येणारे पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात आणि गावाच्या रीतीनं राहतात. किनारा गावाचा आहे हे मानलं, की राखणदारी आणि कमाई एकाच घरात नांदते.

मकाहांनी २०२०च्या मार्चमध्ये साथीमुळे आपली जमीन पाहुण्यांना बंद केली आणि दोन वर्षं उघडली नाही. वृद्ध माणसं जपायची होती. तेव्हा शायशायचीही ती वाट बंद झाली आणि ते योग्यच झालं. त्या दोन वर्षांनी आम्हा शहरवासीयांना समजलं की या किनाऱ्यावर जाणं हा आपला हक्क नव्हे, कुणीतरी दिलेली मुभा आहे.

म्हणून जाणाऱ्या प्रत्येकाला माझं एकच सांगणं असतं. निया बेला पोचलात की थेट वाटेला लागू नका, आधी संग्रहालयात दोन तास काढा. ही कुणाची जागा आहे आणि तिच्यासाठी कुणी काय केलं, हे पाहून किनाऱ्यावर उतरलेल्या माणसाला पुढचे नियम वाचून दाखवावे लागत नाहीत.