गाठीतला गुलाबी रंग

‘जंतू’ म्हटले की आपल्या घरांत प्रथम रोगाचीच आठवण होते. परंतु सोयाबीन, हरभरा यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र पिकाच्या उपयोगी पडेल अशा रूपात आणून देतात. डच शास्त्रज्ञ बायेरिंक यांनी ते १८८८ साली प्रथम वेगळे करून वाढविले. आज बियाण्याला चोळण्यासाठी ते पाकिटातून मिळतात. मात्र पाकीट उन्हात राहिले तर आतील जिवाणू मरतात आणि बाहेरून काहीच कळत नाही. कळते तेव्हा पेरणीची वेळ निघून गेलेली असते.

म्हणूनच प्रयोगशाळेतील परीक्षेचे महत्त्व. खत नियंत्रण आदेशात २००६ साली जिवाणू खतांचा समावेश झाला आणि भुकटीच्या दर ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत जिवाणू असण्याचे बंधन आले. काँगो रेड हा रंग मिसळलेल्या पोषक थरावर ते वाढवून मोजतात. हे जिवाणू बहुधा पांढरे राहतात. भेसळीचे पुष्कळसे लाल होतात. पण केवळ संख्येवर भागत नाही. निर्जंतुक वाळूत, नत्र न देता, रोपे वाढवितात. काहींना जिवाणू देतात, काहींना नाही. गाठी धरून जी हिरवी राहतात, ती रोपेच अखेरचा निकाल देतात.

माळव्यात ज्यांची शेती आहे अशा वाचकांना आमची एक सूचना आहे. पेरणीनंतर दीड महिन्याने सोयाबीनचे एक रोप मुळांसकट अलगद खणावे आणि गाठ चिरून पाहावी. आत गुलाबी रंग दिसला, तर जिवाणू कामाला लागले आहेत असे खुशाल समजावे.