ओसरीवरून : बाळंतिणीच्या खोलीतला बाप

ओसरीवर बसल्या बसल्या जे दृष्टीस पडेल ते महिन्याकाठी वाचकांपुढे ठेवावे, असा आमचा नेम आहे. या खेपेस दृष्टी फार लांब न्यावी लागली नाही. आमच्या अंगणापलीकडे दोन खोल्यांचे एक बिऱ्हाड आहे. तेथे चार वर्षांपासून एक तरुण ख्रिस्ती दांपत्य राहते. तो टपाल खात्यात कारकून, ती एका रुग्णालयात परिचारिका. गेल्या डिसेंबरच्या ५ तारखेस त्यांना पहिली कन्या झाली. पुढले चाळीस दिवस त्या दोन खोल्यांत जे घडले, ते पाहून साठी उलटलेल्या या शाळामास्तरास चार गोष्टी नव्याने शिकाव्या लागल्या, आणि एक जुनी गोष्ट कबूल करावी लागली.

नगरकरांस ख्रिस्ती शेजार नवा नव्हे. अमेरिकन मराठी मिशनचे काम या शहरात १८३१ साली सुरू झाले. रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई यांचा संसार येथल्याच वस्तीत नांदला. २०२४ साली अहमदनगरचे नाव अहिल्यानगर झाले, तरी रविवार सकाळची चर्चची घंटा पूर्वीसारखीच कानी येते. परंतु घंटा ऐकणे वेगळे, आणि त्या घरच्या बाळंतिणीच्या खोलीत जाऊन बसणे वेगळे.

मूल पुऱ्या दिवसांचे, पण वजन अवघे २ किलो ३०० ग्रॅम. अडीच किलोंच्या आतील मुलास अधिक जपावे लागते. मुलीची आई पाच वर्षांपूर्वीच निवर्तलेली, म्हणून माहेर नाही. सासूबाई गावाहून आल्या, आठ दिवस राहिल्या, आणि अंथरुणास खिळलेल्या सासऱ्यांसाठी त्यांना परतावे लागले. बाळंतिणीस २६ आठवड्यांची रजा मिळते. २०१७ साली कायद्यात तशी दुरुस्ती झाली आहे. बापास केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे १५ दिवसांची पितृत्वरजा, ती त्याने घेतली. दोन माणसे आणि एक मूठभर जीव, एवढाच काय तो त्या घरचा परिवार.

सासूबाई गेल्या त्या दिवशी आमचे कुटुंब आणि आमच्या वडील भगिनी आक्का, वय वर्षे ८०, अंगण ओलांडून निघाल्या; सोबतीस मी. आक्कांनी वाटेतच विचारले, “त्यांच्यात सोयर नाही का रे?” मी म्हटले, “नाही.” आक्का क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “मग बरेच. आपल्याला जायला मोकळीक.” शास्त्रार्थाचा निकाल इतक्या थोडक्यात लागलेला मी पूर्वी पाहिला नव्हता.

आत जाऊन पाहतो तो बाळंतीण निजलेली, आणि बाप खिडकीशी खुर्चीवर रेलून बसलेला. सदऱ्याची बटणे उघडी, उघड्या छातीवर, टोपडे व लंगोट एवढेच ल्यालेली पोर पालथी, उभी धरलेली, वरून शाल. आक्कांनी पदर तोंडाला लावला. तो संकोचून उठू लागला. मी त्यास हातानेच बसविले. तो हळू आवाजात म्हणाला, “गुरुजी, डॉक्टरांनी सांगितलंय. दिवसातून जितका वेळ जमेल तितका वेळ असंच धरायचं. हिला रात्रीची झोप नसते, म्हणून दिवसा मी धरतो.”

ही रीत कोलंबिया देशातील बोगोटा शहरी १९७८ साली सुरू झाली. तेथील रुग्णालयात अपुऱ्या दिवसांची मुले फार आणि ऊब देणाऱ्या पेट्या थोड्या, म्हणून डॉक्टरांनी मुले आयांच्या उघड्या छातीशीच बांधली. कांगारू जसे पिलास पोटाच्या पिशवीत बाळगते तसे हे, म्हणून तिला कांगारूचे नाव पडले. पुढे दिसून आले की अशा मुलांची ऊब टिकते, श्वास संथ चालतो, दूध अंगी लागते आणि ती जगतात. छाती आईचीच पाहिजे असेही नाही, बापाची चालते.

त्या तरुणाचे डोळे अर्धवट मिटलेले होते. ते पाहताच मला दिलीप राजा आठवला. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात कालिदासाने दिलीपास पुत्र मांडीवर घेऊन बसविले आहे. त्या स्पर्शाने अंगावर जणू अमृताचा शिडकावा होतो, राजाचे नेत्र कोपऱ्यांशी मिटू लागतात, आणि पुत्रस्पर्शाची गोडी त्यास फार काळाने कळते. संस्कृतच्या मुलांना तो प्रसंग मी कैक वेळा समजावून दिला. समोर मात्र तो प्रथमच पाहत होतो, आणि तोही टपाल कारकुनाच्या घरी.

आता दुधाविषयी. त्या पोरीस जन्मल्यापासून तासाच्या आत अंगावर घेतले होते. पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारे पिवळसर दाट दूध, ज्यास आपण चीक म्हणतो, ते रोगाशी झुंजणाऱ्या द्रव्यांनी भरलेले असते; बाळाची ती पहिली लसच होय. पुढे सहा महिने आईच्या दुधावाचून दुसरे काही नको, पाणीही नको. मध तर वर्षाच्या आत मुळीच देऊ नये. त्यातील एका जंतूचे विष तान्ह्या आतड्यात वाढून जीवावर बेतू शकते.

हे ऐकून आमच्यातील अनेक घरे चपापतील. म्हणून मी ग्रंथ काढून पाहिले. चरकाच्या शारीरस्थानात जातकर्म होताच बाळास प्रथम उजव्या बाजूस पाजावे असे आहे. सुश्रुत मात्र दूध तीन-चार रात्रींनंतर उतरते असे धरून तोवर मध-तुपाची योजना सांगतो. आपल्या रूढीने सुश्रुताचे बोट धरले आणि चरकास सोडले. मजेची गोष्ट पुढेच आहे. गृह्यसूत्रांतील जातकर्म हा बापाने करावयाचा संस्कार. नुकत्याच जन्मलेल्या बाळाजवळ बापाने जावयाचे, त्यास सोन्याने मध-तूप चाटवावयाचे, त्याच्या कानाशी लागून बुद्धीसाठी मंत्र म्हणावयाचा, त्याच्या खांद्यांस स्पर्श करावयाचा. म्हणजे शास्त्राने बापास अगदी पहिल्या घटकेस आत बोलाविले होते. आपण केले काय? मध ठेवला आणि बाप बाहेर घालविला! वैद्यकाचे आजचे ज्ञान सांगते ते नेमके उलट : मध सोडावा, बाप ठेवावा.

येथे ती कबुली देऊन टाकतो. १९८६ साली आमचे पहिले अपत्य, कन्याच, कुटुंबाच्या माहेरी जन्मास आले. पहिले बाळंतपण माहेरी, हा रिवाज. म्हणून बाप दुसऱ्या गावी, हे ओघानेच आले. तेथील वडीलधाऱ्यांनी, त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकविले त्याप्रमाणे, चीक पिळून टाकविला, तीन दिवस मध चाटविला आणि चौथ्या दिवसापासून गुटी सुरू केली. बाराव्या दिवशी बारशास मी एस. टी.ने गेलो. पोर पाळण्यात दिसली; नवे झबले, नवे कुंचडे, मुठी घट्ट मिटलेल्या. घ्यावीशी वाटली. परंतु सासरे, मेहुणे, दोन्हीकडची वडील मंडळी समोर. वडिलांदेखत आपले मूल उचलणे हा त्या काळी निर्लज्जपणा गणला जाई. मी हात मागे बांधून उभा राहिलो, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत परीक्षा आहे म्हणून परत आलो. एकोणिसाव्या दिवशी तार आली. पोरीस जुलाब लागले होते. कारण काय, हे कोणी तपासले नाही. आणि कोणास दोष द्यावा असे मला आज वाटतही नाही, कारण ज्यांनी जे केले ते मायेनेच केले. पण मी तिला एकदाही घेतले नव्हते. पुढे दोन पुत्र झाले, नातवंडे झाली, देवाने काही कमी केले नाही. ती एक गोष्ट मात्र राहिली ती राहिलीच.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाहीतर शेजारचे सारे सोन्याचे आणि आपले सारे पितळेचे, असा वाचकांचा ग्रह व्हावयाचा. त्या घरी बाप होता, पण माणसे नव्हती. तान्हे मूल अहोरात्रात आठ ते बारा वेळा दूध मागते. झोपते सोळा-सतरा तास, पण सलग नव्हे. त्याला रात्र आणि दिवस ठाऊक नसतात. पाचव्या दिवशी वजन २ किलो १५० ग्रॅमवर उतरले. पहिल्या आठवड्यात असे थोडे वजन घटतेच, हे परिचारिकेस ठाऊक नव्हते असे नाही. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पुष्कळ बायकांना उगीच रडे येते आणि बहुधा ते दोन आठवड्यांत निवते, हेही तिने इतरांना कितीदा समजाविले असेल. तरी ती रडे. एके दुपारी आमच्या कुटुंबास म्हणाली, “काकू, मला सगळं येतं, पण आता काहीच येईनासं झालंय.”

या दुखण्यावर शहाणपण चालत नाही, माणूस लागते. आमच्या घरी माणसांना तोटा नव्हता. थोरल्या सूनबाईने अळिवाची खीर नेली, धाकटीने कपडे धुऊन वाळत घातले, कुटुंबाने दुपारचे दोन तास पोर सांभाळण्याचे पत्करले की तेवढ्यात आई निजावी. आक्का सहाण आणि गुटीची पुरचुंडी घेऊन सज्ज झाल्या होत्या. ती पोरगी हात जोडून म्हणाली, “आजी, बाळाला गुटी नको. पण माझ्या डोक्याला तेल लावाल का? आई गेल्यापासून कोणी लावलं नाही.” आक्कांनी पुरचुंडी बाजूस ठेवली, तेल कोमट केले, आणि त्या दिवसापासून रोज तिन्हीसांजेपूर्वी त्या खोलीत जाऊन बसू लागल्या. आक्कांची बोटे अजून भक्कम आहेत. डोके चोळून घेता घेता ती पोरगी बोले, कधी रडे, कधी डुलकी घेई. दुसरा आठवडा सरता सरता रडे थांबले. न थांबते तर डॉक्टरांकडे न्यावयाचे, हे नवराबायकोने आधीच ठरविले होते. आणि तेच योग्य. पंधराव्या दिवशी पोर २ किलो ३४० ग्रॅम भरली. बाप काटा पाहून धावतच आमच्या ओसरीवर आला.

नाताळास पोर वीस दिवसांची होती. दारावर कागदी चांदणी टांगली होती. चर्चला मात्र तो एकटाच जाऊन आला. रात्री आई पोरीस थोपटीत गाणे म्हणे. आक्का म्हणाल्या, “ही तर ओवीच!” ते टिळकांचे भक्तिगीत होते. धर्म बदलला तरी पाळण्याची चाल बदलत नाही, असे दिसते.

१३ जानेवारीस चाळीस दिवस पुरे झाले. आपल्याकडे सव्वा महिना. त्यांच्याकडेही या चाळीस दिवसांस एक जुनी आठवण आहे. यहुद्यांच्या धर्मशास्त्रात मुलगा झाल्यास चाळीस दिवसांनी आणि मुलगी झाल्यास ऐंशी दिवसांनी आईची शुद्धी होई. मरिया आणि योसेफ बाळ येशूस त्या नियमाप्रमाणे यरुशलेमच्या मंदिरात घेऊन गेली. कोकराची ऐपत नसलेल्यांस पक्ष्यांच्या जोडीची सवलत होती, तेच अर्पण त्यांनी केले. ख्रिस्ती मंडळी शुद्धीचा तो नियम आता पाळीत नाहीत. मुलगा-मुलगी हा भेदही त्यात नाही. राहिली ती उपकारस्तुती. त्या दिवशी घरी पाळकसाहेब आले, प्रार्थना झाली, लूकच्या शुभवर्तमानातील तोच प्रसंग वाचण्यात आला. मंदिरात शिमोन नावाचा एक वृद्ध अशा बाळाचीच वाट पाहत दिवस काढीत असतो. तो त्या बाळास हातांत घेतो आणि म्हणतो की आता मी शांतपणे जावयास मोकळा झालो. ईस्टरच्या सुमारास बाप्तिस्मा व्हावयाचा आहे. त्या वेळी आईबापांबरोबर सर्व मंडळीही त्या लेकरास सांभाळण्याचे वचन देते, असे पाळकसाहेबांनी सांगितले. आमच्या मनात आले, हेही एक एकत्र कुटुंबच.

वाचन संपले. पोर आता तीन किलोंवर गेली होती. बापाने ती उचलली आणि, मला वाटते काही ठरवून नव्हे, मी जवळ बसलो होतो म्हणून, माझ्या हातांत दिली. माझे हात कापू लागले. मी कुटुंबाकडे पाहिले. तिने माझ्याकडे पाहिले, आणि इतक्या वर्षांत जी गोष्ट आम्ही दोघे कधी बोललो नव्हतो ती न बोलताच ती म्हणाली, “घट्ट धरा. काही होत नाही तिला.”

मी घट्ट धरली. असो.

आपल्या एकत्र कुटुंबांत माणसे आहेत, मायाही आहे. ही ठेव थोडकी नाही, आणि ती शेजाऱ्यास वाटली तर वाढतेच. परंतु घरोघरी बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी हात मागे बांधून उभा असलेला एक तरुण असतो. तो आपण होऊन आत यावयाचा नाही. वडिलांची भीड असते. म्हणून वडिलांनीच त्यास हाक मारावी, आणि पोर त्याच्या हातांत द्यावी.