आरोपी : मुष्टियुद्धाचा खेळ

पाटणकर बाजारातील आमच्या जाणत्या मंडळींनी मुष्टियुद्धाचा व्हिडिओ गेम मुलांच्या हातून काढून घ्यावा, असा निकाल परस्पर देऊन टाकला आहे. साक्षीदार एकही तपासला नाही आणि मुद्देमालाकडे न्यायाधीशांनी ढुंकूनही पाहिलेले नाही! वकिलीचा व्यवसाय करणाऱ्या आम्हांस अशा निकालावर अपील करणे प्राप्तच आहे.

पहिला आरोप असा की, हा खेळ मुलांना बेभान हाणामारी शिकवतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. निन्टेन्डोचा 'पंच-आउट' १९८४ साली आला. त्यातील प्रतिस्पर्धी ठोसा मारण्यापूर्वी काही ना काही खूण करतो. ती हेरावी, अंग चुकवावे आणि मगच हात उचलावा. उतावळा गडी तेथे आडवाच होतो. २०११ च्या 'फाइट नाइट चॅम्पियन'मध्ये तर ठोशागणिक दम खर्ची पडतो. पहिल्या फेरीत तो उधळणाऱ्याचे हात पुढे जड होतात. त्याच खेळाच्या 'लेगसी' प्रकारात खेळाडूने आपला मुष्टियोद्धा स्वतः घडवायचा, त्याच्याकडून सराव करून घ्यायचा आणि क्रमवारीची एकेक पायरी चढायची असते. 'चॅम्पियन' प्रकारात आंद्रे बिशप या नायकाची सलग कथा आहे. तो तुरुंगात जातो, सुटून येतो व पुन्हा रिंगणात उतरतो. ही हाणामारी म्हणावी, तर बुद्धिबळात रोज राजहत्या होते असेही म्हणावे लागेल.

दुसरा आरोप कायद्याचा. संसदेने २०२५ साली ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला, तेव्हा 'हे सारेच बंद झाले' अशी आवई उठली. कायदा वाचण्याची तसदी कोण घेतो? बंदी आहे ती पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे. ई-स्पोर्टला त्याच कायद्याने मान्यता दिली आहे. घरच्या पडद्यासमोर दोन भावंडे फेऱ्या मोजीत बसली, तर त्यात कोणते कलम मोडते?

या खेळावर एकच आक्षेप घेण्याजोगा आहे, आणि तो या मंडळींना सुचलेला नाही. येथे ठोसा लागत नाही. हरलेला योद्धा बटण दाबताच ताजातवाना उभा राहतो. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि ते रिंगण कायमचे सुटले. त्यांना बटण नव्हते. ते पाण्यात उतरले, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक घेऊन आले. खेळातल्या या उणिवेवर उपाय बंदीचा नव्हे, खऱ्या हातमोज्यांचा आहे. पण मुलाने हातमोजे मागितले की, याच मंडळींना त्याच्या शिकवणीची वेळ आठवते. ग्वाल्हेरात १९५७ पासून राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षणाची मोठी संस्था उभी आहे. तिच्या फाटकापर्यंत आपल्या मुलाला यांपैकी कितीजण घेऊन गेले, ते त्यांनी शपथेवर सांगावे.