कायद्याच्या पुढचा मैल : उमापूरचे छप्पर आणि आपली जबाबदारी



बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात उमापूर हे गाव आहे. वैशाखात तिकडच्या पत्र्याच्या घरात दुपारी बसवत नाही आणि सिमेंटच्या घरात रात्री झोपवत नाही. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. ज्याला परवडते तो कूलर आणतो, ज्याला परवडत नाही तो अंगणात बाज टाकतो. आजारी, वृद्ध आणि बाळंतिणी मात्र त्याच छपराखाली राहतात. साऱ्या मराठवाड्याचे चित्र याहून वेगळे नाही.

इमारतींतील ऊर्जाबचत म्हटले की मुंबई-पुण्याच्या काचेच्या इमारती डोळ्यांपुढे येतात. कायद्याची दृष्टीही प्रथम तिकडेच गेली. २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला. व्यापारी इमारतींसाठीची संहिता २००७ साली आली व २०१७ साली ती सुधारण्यात आली. या सुधारित संहितेने तीन पायऱ्या ठरविल्या : किमान पायरीवर सुमारे २५ टक्के, दुसरीवर ३५ टक्के आणि तिसरीवर ५० टक्के बचत. म्हणजे नियमापलीकडे जाण्याची वाट संहितेनेच दाखवून ठेवली आहे. राहत्या घरांसाठी २०१८ साली ‘इको निवास संहिता’ जाहीर झाली, आणि २०२२ च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेत आणल्या.

परंतु ही कक्षा साधारणपणे १०० किलोवॅट वीजभारापासून सुरू होते. उमापूरच्या दोन खोल्यांच्या घराचा भार एक-दोन किलोवॅटच्या पुढे क्वचितच जात असेल. ग्रामीण घरकुल योजनेतील घर किमान २५ चौरस मीटरचे असते आणि सपाट प्रदेशात त्यासाठी १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य मिळते. तेवढ्या पैशात भिंती उभ्या राहिल्या तरी पुष्कळ, छपराच्या तापण्याचा विचार कोण करणार? आपली लहान प्रार्थनामंदिरे, शाळा व वसतिगृहेही बहुधा या मर्यादेच्या खालीच आहेत. सारांश, जेथे उष्णतेचा त्रास सर्वाधिक, तेथे कायदा काहीच मागत नाही.

मग नियम मोडला नाही, एवढ्यावर आपण समाधान मानावे काय? सक्तीने एक मैल नेणाऱ्याबरोबर दोन मैल जावे, अशी प्रभू येशूची शिकवण आहे. पहिला मैल कायद्याचा, दुसरा प्रीतीचा. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाऊदातो सी’ या परिपत्रकात, कमी ऊर्जा लागेल अशा रीतीने इमारती बांधाव्यात व दुरुस्त कराव्यात, असा स्पष्ट आग्रह धरला आहे. आपल्या सामाजिक शिकवणुकीचाच तो भाग आहे.

येथे कोणी म्हणेल की, जुनी माळवदाची घरे थंड होती, तीच पुन्हा बांधा. त्यात तथ्य आहे. जाड भिंती आणि मातीचे छत दुपारचे ऊन सहज अडवीत. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात याच जड छतांखाली आणि दगडमातीच्या भिंतींखाली हजारो माणसे दगावली. त्या धास्तीने मराठवाडा पत्र्याकडे व काँक्रीटकडे वळला, हे समजण्यासारखे आहे. म्हणून आज हवे ते हलके, मजबूत आणि तरीही थंड छप्पर.

ते अशक्य नाही. स्लॅबवर चुन्याचा पांढरा थर किंवा चिनीमातीच्या पांढऱ्या तुकड्यांची फरशी केली, तर बरेचसे ऊन परत फेकले जाते. पत्र्यावर चुना टिकत नाही. तेथे ऊन परतवणारा पांढरा रंग लावावा आणि खाली बांबूचे वा लाकडी छत घालून मध्ये हवा खेळू द्यावी. अहमदाबादेत २०१७ साली गरीब वस्त्यांतील सुमारे ३,००० छपरे अशी पांढरी करण्यात आली. पश्चिमेच्या भिंतीवर कडुनिंबाची सावली आणि समोरासमोर खिडक्या असतील, तर अधिकच उत्तम.

त्यानंतर उपकरणांकडे वळावे. साधा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, नव्या बीएलडीसी पद्धतीचा सुमारे ३०. वीस पंख्यांच्या वसतिगृहात ते रोज बारा तास चालले, तर महिन्याला तीनशेहून अधिक युनिटे वाचतात. सौर पॅनेलचा विचार यानंतर यावा. २०२४ साली सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत घरगुती ग्राहकाला ३ किलोवॅटसाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठेवले आहे. व्हॅटिकनच्या सहावे पौल सभागृहावरही २००८ साली सुमारे २,४०० पॅनेल बसविली गेली. परंतु तापणारे छप्पर तसेच ठेवून पॅनेल बसविणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय.

१९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात बीड जिल्हा मोडतो. ऊसतोडीला निघालेल्या आईबापांची मुले मागे वसतिगृहांत राहतात, असा हा जिल्हा. ती कोणत्या छपराखाली झोपतात, हा प्रश्न केवळ स्थापत्याचा नाही.

म्हणून आमची धर्मगुरू, धर्मभगिनी व धर्मग्राम मंडळांना नम्र विनंती आहे. नव्या इमारतीच्या नकाशावर सही करण्यापूर्वी ‘ही नियमात बसते काय?’ या प्रश्नाबरोबर ‘मे महिन्यात हिच्यात मूल शांत झोपेल काय?’ हेही विचारावे. आणि येत्या उन्हाळ्यापूर्वी प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या एका इमारतीचे, आणि शेजारच्या एका गरीब कुटुंबाचे, छप्पर पांढरे करावे. चुन्याला फार पैसा लागत नाही. दुसरा मैल तेथूनच सुरू होतो.